सोडणं

मार्चच्या शेवटी बाबा लाँचवरून उतरायचे
तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत काही नसायचं
आणि तरी ती मिटलेली असायची.

पाच महिने पातागोनियात मेंढ्या कातरायच्या,
दिवसाला साठ, कधी सत्तर, हातकात्रीनं.
कात्रीला स्प्रिंग असते, मिटली की आपोआप उघडते.
माणसाला ती दिलेली नाही, आई म्हणायची.
ओतिलिया, चार यत्ता शिकलेली.
डुकराची चरबी कोमट करून चुलीपुढे बसायची
आणि त्यांचं एकेक बोट सोडवायची,
करंगळीपासून,
जाळ्यात अडकलेला मासा सोडवावा
कल्ला न फाडता, तसं.

आता कास्त्रोच्या इस्पितळात
मी त्याच कामाचा पगार घेते.
भिंतीवर तक्ता आहे: कातडी सोललेला माणूस,
लाल, रेघारेघांचा, चेहऱ्यावर जराही तक्रार नाही.
मी मासेमारांना सांगते, बोटांत ताकद नसते हो.
सगळी ओढाओढ कोपराखाली चालते,
तिथून निघतात कंडरा, मनगटाच्या अरुंद बोगद्यातून,
कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या.
आणि स्नायूला ढकलता येत नाही, म्हटलं
की म्हातारा गुमेरसिंदो हसतो.
रोज पहाटे होडी पाण्यात ढकलतो तो काय मग?
ढकलता तुम्ही, मी म्हणते. आत मात्र
कुणीतरी ओढतच असतं,
आणि त्याच्या समोरचा
त्याच वेळी सैल सोडत असतो.
दोघांची करवत आठवा. दोघांनी एकदम ओढली तर
ओंडका तसाच राहतो.

अजून आत गेलं तर मिंगा दिसते.
लहानपणी पाहिली होती: अख्खं घर, खिडक्यांसकट,
ओंडक्यांवर चढवून गाव टेकडीवरून खाली नेत होतं,
दोर, बैल, चिखल, आरोळ्या.
एका स्नायूतंतूत अशी कितीतरी घरं हलतात.
मायोसिनची बुटकी डोकी ॲक्टिनचा दोर धरतात,
मान वाकवतात, सोडतात, पुढे धरतात.
दोर आखडत नाही. धरणारेही आखडत नाहीत.
नुसते एकमेकांत सरकतात
आणि त्याला आपण म्हणतो, हात वर केला.
आरोळी देतं कॅल्शियम.
ती विरली की सगळे थांबतात.

एवढं सगळं पाठ होतं मला.
एक गोष्ट मात्र परीक्षेत लिहूनही
समजली नव्हती:
पकडलेलं डोकं आपसूक सुटत नाही.
इंधनाचा एक कण येऊन बिलगावा लागतो त्याला,
तेव्हा कुठे ते दोर सोडतं.
म्हणजे खर्च सोडण्यालाही आहे.

बाबा जुलैत गेले, रात्री, शेगडी विझल्यावर.
सकाळी मूठ मिटलेली.
आईनं चरबी तापवली.
मी म्हणू शकले असते, आई, नको,
आत आता कण उरलेले नाहीत,
सगळी डोकी दोराला धरून बसलीयत,
थंडी आहे, वेळ लागेल.
नाही म्हटलं.
ती करंगळीपासून सुरू झाली. करंगळी हलली नाही.
तिनं ती तशीच चोळली, अर्धा तास,
मग शेजारणींबरोबर जपमाळ घेऊन बसली.

दोन रात्री. बटाटे उकडले गेले, कॉफी संपली,
पावसानं पत्र्यावर कुणाला बोलू दिलं नाही.
तिसऱ्या पहाटे ती पुन्हा खोलीत गेली
आणि मला हाक मारली. बघ.

बोटं उघडली होती.
हे सोडणं नव्हे, दोरच कुजायला लागलेत,
हे मला ठाऊक होतं.
मी तक्त्यावरची नावं एकामागून एक
मनात म्हणत उभी राहिले,
कोपरापासून नखापर्यंत.

आईनं त्यांचा तळहात पुसला, आपला पुसला,
वाटीत डोकावून पाहिलं.
कात्री कुठं ठेवलीय त्यांची, म्हणाली.
आण जरा. गंज धरेल.
चरबी उरलीय.